परदेशी सत्राला जाताना : ख्रिस्ती विद्यार्थ्याची तयारी

परदेशातील विद्यापीठात एक सत्र शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला साधारण पंधरा रविवार येतात. अमेरिकेत सत्र पंधरा-सोळा आठवड्यांचे असते, जर्मनीत व्याख्यानांचा काळ चौदा-पंधरा आठवड्यांचा असतो, आणि ब्रिटनमधील अनेक विद्यापीठांत दहा-बारा आठवड्यांतच शिकवणे आटोपते. त्यातले पहिले दोन-तीन रविवार खोली लावण्यात आणि झोपेचे वेळापत्रक बसवण्यात जातात, शेवटचे दोन परीक्षेच्या धास्तीत. पूर्ण पदवीसाठी दोन-तीन वर्षे जाणाऱ्याला रुळायला सहा-आठ महिने घेता येतात. सत्रासाठी जाणाऱ्याला तेवढी सवड नसते. ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणेपर्यंत परतीचे तिकीट जवळ आलेले असते. त्यामुळे श्रद्धेच्या तयारीचा मोठा भाग निघण्यापूर्वी, ठाण्यात किंवा डोंबिवलीत असतानाच झालेला बरा.

घरची शिदोरी

ठाणे ते कल्याण या पट्ट्यात वाढलेल्या ख्रिस्ती मुलामुलींची श्रद्धा घर आणि मंडळी मिळून सांभाळत असतात. रविवारी सकाळी आई हाक मारून उठवते. कॅथलिक घरात संध्याकाळी रोजरी होते, प्रॉटेस्टंट घरात जेवणाआधी शास्त्रवाचन होते. उपवासकाळातले शुक्रवार आजी विसरू देत नाही. नाताळच्या गाण्यांच्या सरावाला दोनदा दांडी मारली की तरुण संघातून फोन येतो. परदेशात यातले काहीही आपोआप घडत नाही. तिथे कोणी अडवत नाही आणि कोणी विचारतही नाही. बहुतेक विद्यार्थ्यांचा रविवार सुटतो तो एवढ्याच कारणाने. श्रद्धेविरुद्ध बंड वगैरे पुकारून चर्च सोडणारे फार थोडे असतात.

या विद्यार्थ्याजवळ एक मोठी जमेची बाजू मात्र असते, आणि ती त्याच्या स्वतःच्या सहसा लक्षात येत नाही. अल्पसंख्य म्हणून, शेजाऱ्यांशी प्रेमाने वागत, आपली श्रद्धा न लपवता आणि न मिरवता जगणे त्याला लहानपणापासून येते. गणपतीत शेजारच्या घरी जाणे, दिवाळीचा फराळ घेणे आणि नाताळात कलकल, नेवऱ्या, केकची ताटली मजल्यावरच्या प्रत्येक दारी पोचवणे ही त्याची सवय आहे. पश्चिमेकडील देशांत चर्चच्या इमारती चौकाचौकांत असल्या तरी नियमित उपासनेला जाणारा तरुण तिथल्या वर्गातही अल्पसंख्यच असतो. ते वास्तव पाहून गांगरून जाण्याचे ठाणेकर विद्यार्थ्याला कारण नाही.

या भागाचा इतिहासही निघण्यापूर्वी थोडा वाचून ठेवावा, कारण परदेशात त्याबद्दल विचारणा होतेच. सहाव्या शतकातील प्रवासी कॉस्मस याने ‘कल्याना’ नावाच्या बंदरात पर्शियाहून नेमलेला बिशप असल्याचे लिहून ठेवले आहे. हे बंदर म्हणजे आजचे कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. 1321 साली चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू ठाण्यात उतरले. त्यांना आसरा दिला तो ठाण्यात राहणाऱ्या नेस्तोरियन ख्रिस्ती कुटुंबांनी. म्हणजे पाहुणे रोमच्या चर्चचे आणि यजमान पूर्वेकडच्या वेगळ्या परंपरेचे. हे चौघे ठाण्यातच मारले गेले. पुढे ओडोरिक हा प्रवासी त्यांच्या अस्थी चीनला घेऊन गेला आणि त्याने लिहून ठेवलेल्या वृत्तांतात ठाण्यातल्या या कुटुंबांची नोंद राहिली. परक्या चर्चच्या दारात उभे राहणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याने ही नोंद जरूर लक्षात ठेवावी.

ठाण्यातल्या मसुंदा तलावाजवळचे सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च पोर्तुगीज काळातले आहे, तर सेंट जेम्स चर्चचे प्रतिष्ठापन 1825 साली बिशप हेबर यांच्या हस्ते झाले. गावठाणातली ईस्ट इंडियन कुटुंबे, रेल्वेच्या नोकरीने कल्याणात स्थिरावलेली अँग्लो-इंडियन कुटुंबे, कारखानदारीबरोबर आलेले केरळी ख्रिस्ती, अहमदनगर-जालन्याकडून आलेली मराठी प्रॉटेस्टंट घराणी असे सगळे इथे एकाच लोकलने प्रवास करतात. सिरो-मलबार चर्चचा कल्याण धर्मप्रांत 1988 साली स्थापन झाला. भिन्न परंपरांचे ख्रिस्ती शेजारी-शेजारी राहतात ही गोष्ट इथल्या विद्यार्थ्याला नवी नाही, आणि परदेशात तिचा फार उपयोग होतो.

दोन मराठी स्त्रियांचा दाखला

परदेशी शिकताना श्रद्धेचे काय करायचे, या प्रश्नाशी महाराष्ट्रातल्या दोन स्त्रिया 1883 साली एकाच वेळी झुंजल्या. आनंदीबाई जोशी यांचा जन्म कल्याणचा, 31 मार्च 1865 चा. वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला जायचे तर ख्रिस्ती व्हा, असा सल्ला त्यांच्या पतीला एका मिशनऱ्याकडून मिळाला होता. आनंदीबाईंनी फेब्रुवारी 1883 मध्ये सेरामपूर येथे जाहीर भाषण करून आपण हिंदू म्हणूनच जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे सांगितले, आणि एप्रिलमध्ये बोटीवर पाऊल ठेवले. न्यू जर्सीत त्यांना घरच्यासारखे सांभाळले ते थिओडिशिया कार्पेंटर या ख्रिस्ती बाईंनी. अठरा वर्षांची मुलगी निर्णय घेऊन निघाली होती, म्हणून तिला तिथे रोज नव्याने निर्णय घ्यावा लागला नाही. तिची श्रद्धा वेगळी होती, तरी ख्रिस्ती विद्यार्थ्याने तिच्याकडून ही एक गोष्ट शिकावी.

पंडिता रमाबाई त्याच वर्षी इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील धर्मभगिनींच्या मठात त्या राहिल्या आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात त्या शिकल्या आणि शिकवूही लागल्या. त्यांचा आणि वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डिन यांचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1977 साली प्रसिद्ध केला. परदेशी जाणाऱ्या ख्रिस्ती विद्यार्थ्याने वाचावे असे याहून चांगले पुस्तक क्वचित सापडेल. ख्रिस्त स्वीकारला म्हणून इंग्रजी रीतिरिवाजही स्वीकारले पाहिजेत, हे रमाबाईंना मान्य नव्हते. त्यांनी शाकाहार सोडला नाही. क्रूसावरची अक्षरे लॅटिनऐवजी संस्कृत का नसावीत, असे त्यांनी सिस्टरना विचारले. त्रैक्याच्या सिद्धांतावर शंका आली तेव्हा ती गिळून टाकली नाही. वाचले, विचारले, वाद घातला, दुसऱ्या पंथांच्या उपासनाही पाहिल्या. इतके होऊनही त्यांचे मठाशी असलेले नाते तुटले नाही.

मार्च 1886 मध्ये आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला रमाबाई इंग्लंडहून फिलाडेल्फियाला आल्या. अमेरिकेत त्यांनी गावोगावी व्याख्याने दिली आणि 1887 साली बोस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी संस्था उभी राहिली. त्या काढणार असलेल्या शाळेत कोणावर धर्म लादला जाणार नाही, ही अट मान्य करवूनच त्यांनी ती मदत घेतली. यजमानांचे उपकार मानणे आणि यजमानांच्या प्रत्येक मताला मान डोलावणे या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या. सत्राला जाणाऱ्या विद्यार्थ्याला हा तोल साधला तर बाकीचे बरेचसे सोपे जाते.

निघण्यापूर्वी

पासपोर्टसाठी वागळे इस्टेटमधले सेवा केंद्र आणि व्हिसासाठी वांद्रे-कुर्ला संकुल अशा फेऱ्या चालू असतानाच चर्चच्या कागदांचेही काम उरकून घ्यावे. लागतात ते दोनच कागद. एक, बाप्तिस्म्याचा दाखला, आणि कॅथलिक असल्यास दृढीकरणाचाही. दुसरा, आपल्या धर्मगुरूंचे किंवा पाळकसाहेबांचे इंग्रजी शिफारसपत्र: मंडळीच्या छापील कागदावर, सही-शिक्क्यानिशी, विद्यार्थी किती वर्षे सभासद आहे, गायनवृंदात, वाचनात किंवा रविवार शाळेत काय काम करतो हे सांगणारे. असे पत्र कोणी मागत नाही. पण ते नव्या मंडळीच्या पाळकाला दाखवले की अनोळखी चेहऱ्याला दोन मिनिटांत ओळख मिळते.

या कामात अडचण येते ती नावाची. चर्चच्या नोंदवहीत एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा, असे प्रकार मराठी ख्रिस्ती घरांत सर्रास दिसतात. पत्रातले नाव पासपोर्टप्रमाणेच असावे. बाप्तिस्मा वसईला किंवा नगर जिल्ह्यातल्या आजोळच्या गावी झालेला असेल तर दाखला तिथूनच आणावा लागतो, आणि जुनी नोंदवही उघडून देणारा माणूस दर वेळी जागेवर सापडत नाही. दोन महिने आधी मागणी केलेली बरी.

सामानात मराठी बायबल असावेच. फोनवर ते सहज मिळते, पण छोटी छापील प्रत जवळ असली की फोन बाजूला ठेवून वाचता येते. प्रॉटेस्टंट विद्यार्थ्याने ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकाची प्रत घ्यावी, कारण परदेशात मराठी उपासना मिळण्याचा योग फार दुर्मीळ, आणि खोलीत एकट्याने नारायण वामन टिळकांचे एखादे गीत म्हणता येणे ही मोठी सोबत असते. ईस्ट इंडियन घरातून बॉटल मसाला जाणारच. तो बाटलीतून काढून दुहेरी सीलबंद पाकिटात भरावा आणि पाकिटावर इंग्रजीत लिहावे. युरोपीय संघात मात्र प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे आईने कितीही आग्रह केला तरी सॉरपोतेलचा डबा घरीच ठेवावा.

निघण्याच्या आधीच्या रविवारी मंडळीपुढे उभे राहून प्रार्थना मागून घ्यावी. काही मुलांना याचा संकोच वाटतो. तो बाजूला ठेवावा, कारण या प्रार्थनेनंतर चारशे माणसांना माहीत असते की आपला एक मुलगा किंवा मुलगी बाहेर आहे.

मंडळी शोधणे

ब्रिटनमधल्या बहुतेक विद्यापीठांत चॅप्लन्सी म्हणजे धर्मसेवेचे केंद्र असते. तिथला चॅप्लन कोणत्याही पंथाच्या किंवा धर्माच्या विद्यार्थ्याला भेटतो आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत. जर्मनीत प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक विद्यार्थ्यांसाठी वेगवेगळी विद्यार्थी-मंडळे आहेत. अचानक पैशांच्या अडचणीत सापडलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना त्यातली अनेक मंडळे मदतही करतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. अमेरिकेत सरकारी विद्यापीठे स्वतः धर्मसेवा चालवत नाहीत. तिथे विद्यार्थी संघटना आणि कॅम्पसशेजारची केंद्रे हे काम करतात. कॅथलिक केंद्रांना सहसा ‘न्यूमन सेंटर’ म्हणतात. हे सगळे विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आधीच पाहून ठेवावे आणि चॅप्लनला निघण्यापूर्वी एक ई-मेल पाठवावी. उत्तर बहुधा येते.

चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा विद्यार्थी इंग्लंडमधल्या चर्च ऑफ इंग्लंडमध्ये परका नसतो. 1970 साली एकत्र आलेले हे चर्च जागतिक अँग्लिकन समुदायाचे सभासद आहे आणि मेथडिस्ट व सुधारित चर्चच्या जागतिक संघांतही त्याला स्थान आहे. म्हणजे एका गावात अँग्लिकन चर्च नसले तरी मेथडिस्ट किंवा प्रेस्बिटेरियन मंडळीत त्याने खुशाल जावे. कॅथलिक विद्यार्थ्याला कोणत्याही कॅथलिक विधीतली मिस्सा चालते. रविवारची मिस्सा शनिवारी संध्याकाळी ऐकली तरी नियम पाळला जातो. सिरो-मलबार विद्यार्थ्यासाठी शिकागो (2001), मेलबर्न (2013) आणि ग्रेट ब्रिटन (2016) येथे स्वतंत्र धर्मप्रांत आहेत. तिथल्या मलयाळी मंडळीत घरचे वातावरण मिळते, पण फक्त तिथेच रमले तर स्थानिक माणसांची ओळख होत नाही. महिन्यातून एखादा रविवार तिकडे आणि एरवी जवळच्या पॅरिशमध्ये, अशी विभागणी बरी पडते.

दोन-तीन चर्च पाहावीत, पण चौथ्या रविवारपर्यंत एक ठरवून टाकावे. त्याहून चांगले मिळेल या आशेने सत्रभर फिरत राहणाऱ्याला कुठेच कोणी नावाने ओळखत नाही. चर्च निवडताना वाद्यवृंद किती झकास आहे यापेक्षा ते चालत किंवा एका बसने गाठता येते का, हे आधी पाहावे. कल्याण-ठाण्याच्या माणसाला रविवारचा मेगाब्लॉक पाठ असतो; तिकडे मेगाब्लॉक नसला तरी अनेक शहरांत रविवारी बसच्या फेऱ्या कमी असतात.

ओळखी बहुतेक उपासनेनंतरच्या चहा-कॉफीच्या टेबलावर होतात. आपल्याकडे मिस्सा संपताच लोक स्टेशन गाठतात. तिकडे लोक कप हातात घेऊन वीस मिनिटे रेंगाळतात. नवख्याने तिथून सटकू नये. कोणी ‘पुन्हा या’ म्हणाले तर ‘कधी?’ असे विचारायला हरकत नाही. जेवणाची आमंत्रणे अशीच पक्की होतात.

प्रभुभोजनाचे नियम प्रत्येक चर्चचे वेगळे आहेत. चर्च ऑफ इंग्लंड इतर चर्चच्या बाप्तिस्मा झालेल्या आणि आपल्या मंडळीत प्रभुभोजन घेणाऱ्या सभासदाला सामील करून घेते. कॅथलिक मिस्सेत प्रॉटेस्टंट विद्यार्थ्याने प्रसाद घेऊ नये. ब्रिटन-अमेरिकेत अनेक ठिकाणी दोन्ही हात छातीवर घडी करून पुढे गेले की धर्मगुरू आशीर्वाद देतात. खात्री नसेल तर आधी विचारून घ्यावे.

जर्मनीला जाणाऱ्याने एक रकाना नीट समजून घ्यावा. घर मिळाल्यापासून दोन आठवड्यांत महापालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते, आणि त्या अर्जात धर्म विचारलेला असतो. कॅथलिक किंवा प्रॉटेस्टंट असे लिहिणाऱ्यास चर्च-कर लागू होतो. तो आयकराच्या 8 किंवा 9 टक्के असतो, म्हणजे मुळात आयकर नसेल तर चर्च-करही नाही. सत्रासाठी आलेल्या, करपात्र कमाई नसलेल्या विद्यार्थ्याला तो भरावा लागत नाही. मित्रांच्या सल्ल्याने घाबरून ‘धर्म नाही’ असे लिहिणारी मुले आहेत. ते लिहिणे खोटे आहे, आणि गरजेचेही नाही.

आणखी एक सावधगिरी हवी. कॅम्पसवर नवख्या, एकट्या दिसणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना गाठून बायबल अभ्यासाला बोलावणारे काही गट असतात. बहुतेक प्रामाणिक असतात. पण जो गट आपल्या चर्चचे नाव सांगायला टाळाटाळ करतो, आठवड्यातून चार-पाच संध्याकाळी मागतो, घरच्यांना किंवा चॅप्लनला कळवू नका म्हणतो, इतर सगळी चर्च खोटी ठरवतो, त्याच्यापासून त्याच दिवशी दूर व्हावे. शंका असेल तर चॅप्लनला गटाचे नाव सांगून विचारावे. त्यांना सहसा माहिती असते. भाविक घरातले सरळ मूल अशा जाळ्यात अधिक लवकर सापडते, म्हणून पालकांनीही हे आधी बोलून ठेवावे.

आठवडा कसा जातो

सत्रासाठी आलेल्यांचे शनिवार-रविवार भटकंतीत जातात. स्वस्त विमाने आणि रात्रीच्या बसगाड्या यांच्या जोरावर दर आठवड्याला नवे शहर पाहायचा बेत ठरतो. जग पाहणे हा या शिक्षणाचा भागच आहे आणि त्यात पाप काही नाही. फक्त सहलीचे ठिकाण ठरवताना तिथल्या चर्चची वेळही पाहून ठेवावी. अनोळखी शहरात अनोळखी भाषेतली मिस्सा ऐकणे हा स्वतंत्र अनुभव आहे. बऱ्याच चॅप्लन्सींमध्ये रविवारी संध्याकाळी विद्यार्थ्यांची उपासना असते, ती सहलीहून परतणाऱ्यालाही गाठता येते. जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात, त्यामुळे बाजारहाट शनिवारी उरकावा.

मद्य, पार्ट्या आणि मैत्री-प्रेमाचे संबंध यांविषयी घरात मोकळेपणाने बोलणे होत नाही, हे खरे. स्वागत-सप्ताहात मात्र पहिल्याच रात्री हे सगळे समोर येते. रात्री साडेनऊपर्यंत घरी पोचायचा दंडक पाळलेल्या मुलीला किंवा मुलाला तिथे कोणी वेळ विचारत नाही. काय करायचे नाही हे शांतपणे, आधीच, शक्य तर लिहून ठरवावे. ‘मी पीत नाही’ एवढे वाक्य पुरते. कारण सांगत बसण्याची किंवा पिणाऱ्याला उपदेश करण्याची गरज नसते. पाऊल घसरलेच तर त्यानंतरचा रविवार चुकवू नये. लाजेपोटी चर्च टाळणे हे नुकसान त्या एका रात्रीपेक्षा मोठे असते. प्रायश्चित्त संस्कार आणि पाळकाशी खासगीत बोलणे या सोयी त्यासाठीच आहेत.

चर्चमध्ये सेवा करताना व्हिसाचे नियम पाहावेत. गाणे, खुर्च्या लावणे, मुलांचा वर्ग घेणे हे विनामोबदला ठीक. पण पियानो वाजवून मानधन घेणे किंवा मंडळीतल्या कुटुंबाची मुले पैसे घेऊन सांभाळणे हे कामच ठरते. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांपर्यंतच्या अभ्यासासाठी व्हिजिटर व्हिसावर गेलेल्याला पगारी काम करता येत नाही.

विचारले जाणारे प्रश्न

भारतीय म्हणजे हिंदू, असे परदेशात गृहीत धरले जाते. ‘तू ख्रिस्ती कसा?’ हा प्रश्न पहिल्या महिन्यात येतोच. पाठोपाठ, इंग्रजांनी धर्मांतर केले का, असेही विचारतात. चिडू नये, सांगावे. ईस्ट इंडियन विद्यार्थ्याने सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज वसईपासून सुरुवात करावी. केरळी विद्यार्थ्याने संत थॉमसची परंपरा सांगावी. मराठी प्रॉटेस्टंट विद्यार्थ्याने 1813 साली मुंबईत सुरू झालेल्या अमेरिकन मराठी मिशनविषयी, नगरकडच्या खेड्यांतल्या दलित कुटुंबांनी माणूस म्हणून मान मिळावा यासाठी घेतलेल्या निर्णयाविषयी बोलावे. स्वतःच्या घराण्याचा इतिहास आजी-आजोबांकडून निघण्यापूर्वी विचारून घ्यावा. तो पुस्तकात मिळत नाही.

वर्गात श्रद्धेलाच हात घालणारे प्रश्नही येतात: विज्ञान, वसाहतवाद, चर्चमधले लैंगिक अत्याचार. शेवटच्या विषयावर चर्चची बाजू घेण्याची घाई करू नये. जे वाईट झाले ते वाईट म्हणावे. शंका मनात आली म्हणजे श्रद्धा गेली असे नसते. ती वहीत लिहावी, चॅप्लनला विचारावी, घरच्या धर्मगुरूंना कळवावी.

उलट प्रसंगही येतो. मंडळी आस्थेने भारताविषयी बोलायला सांगते आणि नकळत गरिबीच्या, छळाच्या करुण कहाण्यांची अपेक्षा ठेवते. जे खरे आहे ते सांगावे, दुःखही लपवू नये. पण टाळ्यांसाठी आपल्या गावाला, आपल्या हिंदू-मुस्लिम शेजाऱ्यांना काळे रंगवू नये. मराठी बोलण्याची तहान लागली की महाराष्ट्र मंडळात जावे. लंडनचे मंडळ 1932 पासून चालू आहे. तिथल्या गणेशोत्सवात ख्रिस्ती विद्यार्थ्याने भेटीला जाणे हे ठाण्यात शेजारी जाण्याइतकेच साधे आहे.

सण, थंडी आणि घरचा फोन

ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होणारे सत्र नाताळापाशी संपते. परतीचे तिकीट 20 डिसेंबरचे की जानेवारीचे, हे आधीच ठरवावे. ब्रिटनमध्ये 25 डिसेंबरला रेल्वे बंद असते, त्यामुळे त्या दिवशी उपासनेला चालत जाता येईल अशा जागी असावे किंवा कोणाच्या गाडीची सोय करावी. अमेरिकेतली अनेक वसतिगृहे सुट्टीत बंद होतात. मंडळीतल्या कुटुंबांना नोव्हेंबरातच कळवले तर राहण्याची सोय होते. जानेवारीच्या सत्रात उपवासकाळ आणि ईस्टर येतात. जर्मनीत गुड फ्रायडेला सुट्टी असते. अमेरिकेत त्या दिवशी केंद्र सरकारची सुट्टी नसते, वर्गही भरू शकतात. प्राध्यापकांना आधी ई-मेल करावी.

उत्तर युरोपात डिसेंबरमध्ये चार वाजता काळोख पडतो आणि त्या काळोखात प्रार्थनाही जड होते. याला श्रद्धेची उणीव समजू नये. दुपारी उजेडात फिरावे, नीट जेवावे, आणि उदासी दोन आठवड्यांहून लांबली तर विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे आणि डॉक्टरकडे जावे. प्रार्थना आणि औषध यांत निवड करायची नसते. आनंदीबाईंची प्रकृती फिलाडेल्फियाच्या थंडीत, धुराने भरणाऱ्या खोलीत ढासळत गेली आणि मायदेशी परतल्यावर 26 फेब्रुवारी 1887 रोजी, वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नसताना, त्या गेल्या. शरीराची हेळसांड हा त्यागाचा भाग नव्हे.

घड्याळ बदलते तेही रविवारीच. ब्रिटन आणि युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जाते. त्या सकाळी बेसावध विद्यार्थी उपासना संपताना पोचतो. हिवाळ्यात ठाण्यातले रात्रीचे आठ म्हणजे लंडनचे दुपारचे अडीच आणि बर्लिनचे साडेतीन. घरच्या रोजरीत रोज सामील होणे वर्गांमुळे जमत नाही. आठवड्यातून एक ठरलेला दिवस पुरे.

पालकांनी दर रविवारी ‘मिस्साला गेलास का?’ एवढेच विचारले तर उत्तरही ‘हो’ एवढेच मिळते, आणि कधीकधी तेही खरे नसते. रोमन कॅथलिक चर्चमध्ये जगभर त्या रविवारची वाचने एकच असतात. ठाण्यात जे शुभवर्तमान वाचले तेच मँचेस्टरमध्ये वाचलेले असते. अनेक प्रॉटेस्टंट चर्चचा वाचनक्रमही त्याच्या जवळपास जातो. तेव्हा ‘तुमच्या फादरांनी आज काय सांगितले?’ असे विचारावे आणि इकडचे प्रवचन तिकडे सांगावे. त्या गप्पांतून आई-बाबांना मुलाचे खरे चित्र कळते.

परतल्यावर

परतलेला विद्यार्थी पहिल्या महिन्यात तुलना करतो: तिकडे प्रवचन आटोपशीर, इकडे लांब, तिकडे शांतता, इकडे पंख्यांचा आवाज. थोडे दिवस गप्प राहून पुन्हा गायनवृंदात उभे राहावे. तिकडच्या चांगल्या गोष्टींपैकी एकच निवडून, पाळकांशी बोलून, इथे करून पाहावी. उपासनेनंतरचा चहा हा त्यातला सर्वांत सोपा प्रकार आहे. तिकडच्या मंडळीला आभाराचे पत्र महिन्याच्या आत जावे.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या प्रत्येक मंडळीने आपल्या कार्यालयात एक वही ठेवावी. बाहेर जाऊन आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने तिच्यात शहराचे नाव, तिथल्या चर्चचा पत्ता, उपासनेच्या वेळा, जाण्यायेण्याची सोय आणि नवख्याला कसे वागवले जाते, एवढे लिहावे. पुढच्या वर्षी त्याच शहराला निघालेल्या मुलीला किंवा मुलाला ते पान दाखवावे.